दोन शिटांची गाडी आणि माझा पाय

मला गाडी चालवता येत नाही. हे आधीच सांगते. पुढचं वाचून कुणाला वाटेल की या बाईला मोटारीतलं सगळं कळतं, तर तसं नाही. मी चौथी शिकले, लग्न होऊन मालेगावला आले, आणि वाशीम रोडला लागून आमचं टिनाचं गॅरेज आहे त्याच्या मागच्या दोन खोल्यांत आजवर राहिले. आमचे हे मिस्त्री आहेत. जीप, मॅटॅडोर, ॲम्बेसेडर, ट्रॅक्टर, जे दारात येईल ते खोलायचं, हा त्यांचा धंदा. या सगळ्या गाड्यांत मी ड्रायव्हरच्या जागेवर बसले आहे. त्यातली एकही मी दाराबाहेर काढलेली नाही.

माझं काम पायाचं. मिस्त्री बोनेटमध्ये वाकलेला असतो तेव्हा आत बसून ॲक्सिलरेटर दाबायला कुणीतरी लागतं. लग्नानंतर एकदा मी चहा द्यायला गेले, दुसरं कुणी नव्हतं, तर हे म्हणाले, बस वर आणि मी म्हणतो तेवढंच दाब. मी बसले, ती आजवर बसतेच आहे. लोकांना वाटतं, पाय खाली नेला की झालं काम. दाबणं सोपं आहे. थांबणं अवघड. हे म्हणणार, थोडं दाब, आता तिथंच राहू दे. मग हे स्क्रू सैल करणार, पाहणार, पुन्हा आवळणार, आणि तेवढा वेळ इंजिनाचा आवाज एका जागी राहिला पाहिजे. पाय हलला की आवाज हलतो. मग मिस्त्रीला कळत नाही की फरक त्याच्या हातानं पडला की आतल्या माणसाच्या पायानं. मी चप्पल बाहेर काढते आणि अनवाणी बसते. विळीवर भाजी चिरताना पाटावर पाय जसा दाबून ठेवतो तसा ठेवते. भाजी संपेपर्यंत तो पाय कुठं जातो? तसंच हे.

दुसरं काम कानाचं. ते नंतर आलं आणि ते कुणाला माहीत नव्हतं. जन्मभर हातोड्याजवळ आणि ट्रॅक्टरच्या सायलेन्सरजवळ डोकं घालून यांचे कान गेले. पुरे गेले नाहीत. इंजिनाची धडधड ऐकू येते, समोरून बोललेलं येतं. बारीक ते येत नाही. डास येत नाही, कुकर शिटीच्या आधी फुसफुसतो ते येत नाही. आणि मिस्त्रीला हवा कुठून फुसफुसते ते कळलं नाही तर त्याची अर्धी मिस्त्रीगिरी गेली. म्हणून आम्ही एक नळी आणली. गवंडी लोक पाणी भरून लेव्हल पाहतात ना, तसली लांब, आरपार दिसणारी. तिचं एक टोक हे इंजिनाजवळ धरत आणि दुसरं माझ्या कानात. मी आपल्या जागेवर बसलेली. आवाज जास्त असला की मी पदर सावरल्यासारखा हात वर नेणार, कमी असला की खाली ठेवणार. गिऱ्हाईकानं विचारलंच तर हे सांगत, बाईला शौक आहे. गिऱ्हाईक हसायचं. मी हसू देत होते.

गेल्या हिवाळ्यात ती गाडी आली.

किन्हीराजाकडच्या एका मोठ्या शेतकरी घरातली बाई ती स्वतः चालवत घेऊन आली. साठीच्या पुढची. माझ्याहून फार तर आठ-दहा वर्षांनी लहान असेल. केस आखूड कापलेले आणि पांढरे, त्याला मेंदी नाही की काही नाही. पायात पोरं घालतात तसले बूट. गाडी बुटकी, उघडी, वर कापडाचं टप, चाकांना सायकलीसारख्या तारा, आणि आत बसायला दोनच जागा. मागं काही नाही. सासऱ्यानं हौसेनं घेतलेली जुनी विलायती गाडी होती. सासऱ्यानंच सुनेला ती चालवायला शिकवली, असं ती म्हणाली. माझ्या सासऱ्यानं मला डोक्यावरचा पदर किती पुढं घ्यायचा ते शिकवलं. असो. सासरा गेला, नंतर नवराही गेला, गाडी बरीच वर्षं गोठ्यात कडब्याच्या आड पडून होती. बाईनं ती बाहेर काढली, नागपूरहून सामान मागवून चालू केली. आता तिला या गाडीनं मंगरूळपीरला बहिणीकडं जायचं होतं. बहिणीला आधीच सांगून बसली होती.

पण गाडी नीट जात नव्हती. पाय दाबला की आधी काहीच होत नाही आणि मग बैल उधळावा तशी एकदम उडी मारते. बाई म्हणाली, "वाशीमच्या गॅरेजवाल्यानं नाई म्हटलं, मिस्त्री. तो म्हणे, हिच्यात कॉम्प्युटर लावाले जागाच नाई."

हे हसले. मी यांना किती दिवसांनी असं हसताना पाहिलं ते मला सांगता येणार नाही. लग्नाआधी हे नागपूरला एका गॅरेजात काम शिकले, तिथं असल्या गाड्या येत. ते मला कधीमधी सांगायचे आणि मी स्वयंपाक करता करता ऐकून न ऐकल्यासारखं करायची. आता तीच गाडी दारात उभी. हे तिच्याभोवती फिरले. बोनेट उघडलं आणि नुसते पाहत उभे राहिले. मग घरात आले, पेटीतून माझी चांगली चादर काढली, पोरीच्या लग्नात आहेरात आलेली, मी एकदाही न वापरलेली, आणि जाऊन गाडीच्या मडगार्डवर अंथरली. का, तर वाकताना पट्ट्याचं बक्कल लागून रंगाला ओरखडा जाऊ नये. मला टायफॉइड झाला होता तेव्हाही ती चादर पेटीतच होती.

दोष काय ते यांनी लगेच सांगितलं. पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देतो तो कार्बोरेटर. बहुतेक गाड्यांना एक असतो, हिला दोन. पायाखालची दांडी एका आडव्या सळईला फिरवते आणि त्या सळईवरून दोन्ही कार्बोरेटर उघडतात. दोघं एकदम आणि सारखे उघडले पाहिजेत. हिचा पुढचा आधी उघडत होता आणि मागचा झोपेतून उठल्यासारखा नंतर. सळईवरचे क्लॅम्प, म्हणजे पकडून ठेवणारे चाप, सैल करायचे, दोन्हीकडचा हवेचा आवाज सारखा करायचा, मग क्लॅम्प आवळायचे, आणि पाय थोडा दाबून धरून पुन्हा दोन्हीकडं ऐकायचं. नळीचंच काम. मला वाटलं, आता हाक येईल. मी हात पुसले, चप्पल काढली, गाडीजवळ गेले आणि दरवाजाला हात लावला.

बाई आत बसलेलीच होती. ती म्हणाली, "मावशी, तुमी कायले तरास घेता? मी हाय ना. माही गाडी हाय, मले तिच्या पायाचं मालूम हाय."

एक तर मावशी. मी काही तिच्या आईची बहीण नाही. दुसरं, मी यांच्याकडं पाहिलं. एक शब्द बोलायला पाहिजे होता, की बाईसाहेब, हिला बसू द्या. हे बोलले नाहीत. नळीचं टोक उचललं आणि स्वतःच्या कानात घातलं.

मी परत येऊन स्वयंपाकखोलीच्या दारात उभी राहिले. तिथून गॅरेज सगळं दिसतं. हे नळी पुढच्या कार्बोरेटरला लावून डोळे मिटत होते, मागच्याला लावून डोळे मिटत होते, मान हलवत होते. कीर्तनात मागं बसलेला माणूस काही ऐकू आलं नाही तरी मान हलवतो, तशी. मग स्क्रू फिरवला, क्लॅम्प आवळले आणि झालं म्हणाले. बाईनं एका हातानं स्टेअरिंग धरलं, मान मागं वळवली आणि गाडी सरळ उलटी रोडवर काढली. न थांबता. मी कितीतरी ड्रायव्हर पाहिलेत, आमच्या दारातून उलटी काढताना नालीला चाक लावल्याशिवाय फार थोडे जातात. तिचं चाक लागलं नाही. मला ते आवडलं नाही.

समृद्धी महामार्गाच्या पुलापर्यंत जाऊन ती परत आली. म्हणाली, पहिल्याहून बिघडली.

दुसऱ्या दिवशी हे सकाळीच आंघोळ करून, डोक्याला तेल लावून तयार. कामाच्या दिवशी हे आंघोळ संध्याकाळी करतात, कारण सकाळी करून उपयोग नसतो. बाई आली. मी चहा नेला. घरात हे बशीत ओतून पितात, फुरकी मारून, शेजाऱ्याला कळेल अशी. त्या दिवशी कपातून प्यायले. जीभ भाजली असणार. बाई मोबाईलवर कुठल्या परदेशातल्या माणसाचा व्हिडिओ दाखवत होती, तोही असल्याच गाडीवर वाकलेला. दोघं मोबाईलवर डोकं घालून बसले. मला कुणी दाखवला नाही आणि मी मागितला नाही.

त्या दिवशी यांना दांडीच्या सांध्यातलं बुश, म्हणजे आतली पितळेची कडी, झिजलेलं सापडलं. पितळेचा तुकडा व्हाइसच्या पकडीत आवळून त्यांनी नवं घासून बसवलं. काम चांगलं झालं. आधी पाय दाबल्यावर दांडी नुसतीच खुळखुळायची, ते गेलं. पण पुन्हा नळी स्वतःच्या कानात, बाई शिटवर, हे म्हणतात थोडं दाबा, ती दाबते. आणि तिचा पाय काही थांबत नव्हता. थांबला असं तिला वाटायचं. ती ड्रायव्हर. तिच्या पायाला इंजिनाचा आवाज चढला की पुढं जायचं असतं, आवाज पडला की तो आपोआप खाली जातो. इंजिन वर-खाली, वर-खाली. त्यात पुढचा कार्बोरेटर मागच्यापेक्षा जास्त हवा ओढत होता. ते मला चुलीजवळ बसून, नळी नसताना, भाकरी थापता थापता ऐकू येत होतं.

विचारलं असतं तर सांगितलं असतं. विचारलं नाही. मी भाकरी थापत राहिले.

आता कुणी म्हणेल, एवढंसं काम, त्यात एवढं काय. मला त्या बाईची जमीन नको होती, गाडी नको होती, तिचे बूट तर मुळीच नको होते. मला एकच पाहिजे होतं. तिच्या देखत यांनी मला त्या जागेवर बसवावं. ती जागा माझी होती. दुसऱ्या कुठल्याही गाडीवर गिऱ्हाईक बसलं असतं तर मला काही वाटलं नसतं. पण आयुष्यात यांनी ज्या एका गाडीसाठी सकाळी आंघोळ केली, नेमकी त्याच गाडीत मी नको, हे मला सहन होत नव्हतं. मला हेवा वाटत होता. तिचा वाटत होता, कारण तिला बसताही येत होतं आणि घेऊन जाताही येत होतं. आणि गाडीचा वाटत होता, कारण तिच्यावर हात फिरवताना यांचा हात जसा फिरत होता तसा तो घरात कशावरच फिरत नाही.

संध्याकाळी बाई निघताना म्हणाली, उद्या जमलं तर ठीक, नाहीतर मी ट्रकवर टाकून नागपूरला पाठवते. चांगल्या शब्दांत म्हणाली. यांनी मान हलवली. रात्री जेवले नाहीत, वरण पुढं सरकवलं. मी वरण परत भांड्यात ओतलं.

तिसऱ्या दिवशी बाई लवकर आली. डिकीत बहिणीसाठी तुरीची डाळ आणि काय काय भरून आणलेलं, म्हणजे इथूनच मंगरूळपीरला जायचं म्हणून. पुन्हा तेच सुरू झालं. थोडं दाबा, थोडं दाबा, जास्त झालं. थोड्या वेळानं हे मागं आले. मला वाटलं पाणी प्यायला. माठाजवळ उभे राहिले, पाणी घेतलं नाही.

म्हणाले, "चाल."

"कुठं?"

"बसाले."

"ते बसली हाय ना."

"तिचा पाय राह्यते कुठं एका जागी," हे म्हणाले. आवाज खाली होता. "चाल ना, कायले भाव खाऊन राह्यली?"

मी मिरच्यांची देठं काढत होते. म्हटलं, "तिच्यासमोर म्हना. मी तिथं येऊन उभी राह्यते. तिथं म्हना."

यांना राग आला की आधी कान लाल होतात. कान लाल झाले. मग गेले. मी हात धुतले, चप्पल काढली आणि मागोमाग गेले. गाडीपासून हातभर लांब उभी राहिले. आता दरवाजाला हात लावणार नव्हते.

हे खाकरले आणि म्हणाले, "बाईसाहेब, उतरा जरा. हिले बसू द्या."

बाई म्हणाली, "काहून? माह्या पायाले काय झालं?"

"तुमचा पाय चालवनारा हाय," हे म्हणाले. "त्याले जा लागते. इचा थांबनारा हाय. इले कुठं जायचं नाई."

बाई हसली आणि उतरली. वाईट वाटून घेतलं नाही तिनं. मला मात्र ते बोलणं आवडलं की लागलं हे अजून ठरवता आलेलं नाही. म्हणजे माझा पाय चांगला, कारण त्याला कुठं जायचं नाही. खरं होतं. खरं होतं म्हणून जास्त लागलं.

जागा फार खाली होती. खाटेवरून जमिनीवरच्या गादीवर बसल्यासारखं. पाय सरळ पुढं. अनवाणी टाचेला पत्रा गार लागला. यांनी नळी काचेवरून माझ्या हातात दिली, मी कानात धरली. बाई पाहत होती. हे नेहमीचं बोलले, बाईला शौक आहे. इंजिन चालू झालं. मी पाय ठेवला, दाबला आणि थांबवला. नळी पुढच्याला लावली, सूं आवाज जोरात. मी पदर सावरला. मागच्याला लावली, आवाज बारीक. मी हात खाली ठेवला. यांनी पुढचा स्क्रू कमी केला, मागचा वाढवला. पुन्हा पुढं, पुन्हा मागं. क्लॅम्प सैल, सळई चिमटीत धरली, क्लॅम्प घट्ट. मी पाय तेवढाच ठेवला. मांडी भरून आली तरी ठेवला. आम्हा दोघांना बोलावं लागलं नाही. तेवढा वेळ ती बाई तिथं नव्हती आणि ती गाडीही कुणाची नव्हती. मग एका वेळी पुढं लावलं तरी तेच आणि मागं लावलं तरी तेच. मी हात मधेच धरला. हे सरळ उभे राहिले.

म्हणाले, पुरा दाब. मी पुरा दाबला. गाडी जागेवर उभी राहून गर्जली. वायरवर बसलेले पारवे उडाले.

इथं थांबलं असतं तर मी खूश होते. पण बारीक तपासणी रोडवर होते. उभ्या गाडीत बरोबर वाटलेलं चालत्या गाडीत बिघडतं, कारण ओझं पडलं की इंजिन आपल्या जागेवर झुकतं आणि सोबत दांड्याही ओढल्या जातात. म्हणून मिस्त्रीला बाजूला बसून जावं लागतं. मी उतरले. बाई बसली. आणि हे हात पुसून, शर्टाची कॉलर नीट करून, पलीकडच्या दारानं तिच्या शेजारी बसले. तिथं एकच जागा उरली होती, ती त्यांची झाली. यांच्या तोंडावर नागपूर दिसत होतं. मी गॅरेजात, चादरीची घडी करायला.

मी म्हटलं, "बाईसाहेब, यायले घेऊन काई उपयोग नाई. यायले ऐकू येत नाई."

बाईनं चावी फिरवायची थांबवली. म्हणाली, "म्हंजे?"

"म्हंजे बारीक आवाज येत नाई. नळी मीच ऐकते. दोन दिवस काहून झालं नाई मंग? तुमच्या पायामुळं थोडं, आन् यायच्या कानामुळं बाकी. मी येते."

हे माझ्याकडं पाहत नव्हते. समोर काचेकडं पाहत होते. त्यांना हे सगळं ऐकू आलं होतं, मी समोरून आणि मोठ्यानं बोलले होते. मग दार उघडलं आणि उतरले. दार हळू लावलं. गाडीसाठी.

मी बसले. बाईनं गाडी काढली. आतापर्यंत मी अशा गाडीत उघड्यावर कधी गेले नव्हते. रोड इतका जवळून पळतो की चटणी वाटायच्या पाट्यावर बसून चाललो आहोत असं वाटतं. बाजूनं एसटी गेली, तिच्या खिडकीतून सगळे खाली वाकून पाहत होते. दोन म्हाताऱ्या, एक बूटवाली आणि एक अनवाणी. मी लोकांकडं पाहिलं नाही. मी तिच्या पायाकडं पाहत होते. तो दाबायचा, गाडी जायची. तो सोडायचा, ती मंद व्हायची. मी एवढी वर्षं दाबलं, आणि कधी काही पुढं गेलं नाही. तिनं दाबलं की शेतं मागं जात होती, तूर, हरभरा, पुलाचे खांब. मला तो पाय तोडून घ्यावासा वाटला.

पण कान माझे होते. चढावर मागचा पुन्हा किंचित मागं राहत होता. मी तिला सांगितलं. ती म्हणाली, मला तर काही वाटलं नाही. मी म्हटलं, तुम्हाला वाटणार नाही.

पुलाच्या पलीकडं तिनं गाडी बाजूला घेतली. इंजिन चालू ठेवलं. म्हणाली, "चालवता का, मावशी? रस्ता सरळ हाय. मी सांगते तसं करा."

"नाई."

"काहून? भेव वाटते?"

"भेव नाई वाटत. तुमच्या हातून नाई पायजे."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं आता रागावेल. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "बरं," आणि गाडी वळवली.

गॅरेजात परत आल्यावर मी पुन्हा तिच्या जागेवर बसले आणि मागचा क्लॅम्प यांनी केसाएवढा फिरवला. आता नळी उघड होती, हातही उघड होता, पदर सावरायची गरज नव्हती. यांनी काम नीट केलं. माझ्याकडं पाहिलं नाही, पण हातात रुसवा आणला नाही. हे मी मान्य करते, मिस्त्री म्हणून त्यांचं तसं कधीच नसतं. मग बाईनं जाताना यांच्या कानाजवळ वाकून, गावातल्या बहिऱ्या म्हाताऱ्याशी बोलतात तसं, एकेक शब्द तोडून आणि ओरडून म्हटलं, की मिस्त्री, लई चांगलं झालं. काल ती यांच्याशी साधी बोलत होती. हे म्हणाले, बरं बाईसाहेब, सावकाश जा.

ती गेली. हे रोडच्या कडेला जाऊन उभे राहिले, मी पण गेले. समोरच्या चहावाल्याकडं दोघं-तिघं उभे होते, तेही पाहत होते.

हे म्हणाले, "काहून सांगतलं तिले?"

"तुमी तिच्या बाजूले जाऊन बसले म्हनून."

"मी गाडीत बसलो होतो. तिच्याकडं पायलं बी नाई."

"मले मालूम हाय," मी म्हटलं. "गाडीकडंच पायलं."

गाडी लहान होत चालली होती. मी ऐकत होते. मी खोट शोधत होते. एखादा झटका, एखादी फुसफुस, चढावर मागच्याचं रेंगाळणं, काही तरी, म्हणजे ती परत येईल आणि यांना म्हणता येईल की त्या बाईच्या गाडीत काही दम नाही. काही सापडलं नाही. माझ्याच पायानं आणि कानानं लावलेली होती, ती चुकणार कशी. दोन्ही कार्बोरेटर एका दमात श्वास घेत होते. दुसरा गिअर पडला, तिसरा पडला.

"कशी जाते?" यांनी विचारलं. चहावाल्याकडचे लोक ऐकत होते तरी विचारलं.

"सारखी जाते."

"दोन्ही?"

"दोन्ही."

गाडी वळणाला गेली आणि दिसेनाशी झाली. हे तसेच उभे. तोंड थोडं उघडं, मान एका बाजूला. त्यांना आता काहीच ऐकू येत नव्हतं, ते मला दिसत होतं. थोड्या वेळानं म्हणाले, "अजून येते का आवाज?"

येत होता. वळणाच्या पलीकडून, बारीक, दोन्हींचा मिळून एक.

मी म्हटलं, "गेली."